ऊन भाकर, बीबीपर्यंत

लेक परगावी द्यायची तर भाकर गार व्हायच्या आत आईला तिथे पोचता आलं पाहिजे, अशी रोहिणखेडच्या जुन्या बायांची एक रीत होती. आई आपल्या चुलीवरची भाकर फडक्यात बांधून निघायची, मुलाच्या दारात उतरायची आणि पंचांसमोर त्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवायची. लोणी विरघळलं तर सोयरीक पक्की. तसंच बसून राहिलं तर गाव लांब, उठा. ही रीत कधीच मेली होती. माझ्या थोरल्या बहिणीने, रोहिणखेडला दिलेल्या गोजरअक्काने, तिला उकरून काढलं, आणि तेही नेमकं मी आणलेल्या स्थळाच्या वेळेला. मी आधी हसलो, मग चिडलो. माझं चिडणं मोताळ्यात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही.

स्थळ बीबीचं होतं. मुलगा नारायण मॅट्रिक झालेला, जमीन काळी, विहिरीला बारमाही पाणी. पाहण्याच्या दिवशी त्याच्या हातून चहा सांडला आणि कोणी काही बोलायच्या आत त्याने स्वतःच फडकं मागून जमीन पुसली. माझ्या भाचीने, सिंधूने, तेवढ्यावर मला न्हाणीघरामागे गाठून सांगितलं, "मामा, मले हेच घर पायजे. आईले तुमी समजवा."

आईला समजवणं सोपं असतं तर मी चिडका झालो नसतो. रोहिणखेडहून बीबीला जायचं म्हणजे आधी मोताळ्याला यायचं, तिथून बुलडाणा, मग चिखली, मग मेहकर, आणि मेहकरच्या स्टँडवर मिळेल त्या गाडीत घुसायचं. पहाटे निघालेला माणूस दिवस कलताना बीबीत उतरतो. त्यातच महाराष्ट्र नवीन झालेला, आणि सरकारने मैलांचे दगड उपटून किलोमीटरचे दगड रोवायला घेतलेले. अक्काने कुठूनतरी ते आकडे ऐकले.

"आंधी पंचाहत्तर होतं, आता सव्वाशाच्या जवय गेलं," ती म्हणाली. "लगन लागेपर्यंत आखीन किती सरकन ते गाव? मी नाई देत पोरगी."

मी दगड बदलले, गाव नाही, हे दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा समजावताना माझा आवाज चढला आणि माझ्या बायकोने, पुष्पाने, मला ओसरीवर पाठवून दिलं.

खरं तर अक्काच्या हट्टामागे आमची माय होती. माय मोताळ्यात गेली तेव्हा अक्काला तिचं जिवंतपणी तोंड पाहायला मिळालं नाही. मोताळा ते रोहिणखेड, केवढीशी ती वाट. आम्ही बैलगाडी पाठवली, निरोप सकाळीच पोचला, आणि अक्का गाडीतून उतरली तेव्हा माय गार झाली होती. मी दोष दिला गाडीच्या पांढऱ्या बैलाला. तो मुळातच अंगचोर. पुढच्या बाजारात मी त्याला विकून टाकला, आणि त्यानंतर कुठेही पांढरा बैल दिसला की माझ्या तोंडून शिवी जायचीच. अक्का बैलाविषयी कधी बोलली नाही. तिने मनात एवढंच धरलं, की आपली लेक आपल्याला हाकेच्या अंतरावर पाहिजे.

आता मुलाच्या बापाबद्दल सांगितलं पाहिजे. रंगराव म्हणजे बीबीतलं मोठं खटलं. त्या वर्षी कपाशीवर विमानाने औषध फवारायची टूम निघाली होती, आणि विमान उतरायला दोन ठिकाणी पट्ट्या सपाट केल्या होत्या, एक मोताळ्याबाहेरच्या माळावर आणि दुसरी बीबीत, रंगरावांच्याच पडीक वावरात. दोन्ही गावांनी लगोलग आपापल्या पट्टीला विमानतळ म्हणायला सुरुवात केली. मोताळ्याच्या विमानतळावर पत्र्याचं टपरं होतं, औषधाची पिंपं होती आणि वारा कळावा म्हणून काठीला कोणाचंतरी धोतर बांधलेलं होतं. बीबीच्या विमानतळावर याशिवाय एक बाकडं होतं, म्हणून रंगराव मोताळ्याला कमी लेखायचे.

अक्काची अट ऐकून हा माणूस नाराज व्हायच्या ऐवजी खुलला. "इवाई," ते मला म्हणाले, अजून सोयरीक व्हायची होती तरी, "मोताळा ते बीबी इमानानं कितीसं हाये? चुलीवरून भाकर उचला, बीबीत लोणी लावा."

त्यासाठी ते मोताळ्याच्या शाळेत गेले आणि मास्तरांकडून भिंतीवरच्या नकाशावर दोरा धरून घेतला. पन्नास मैल भरले. नकाशाला मध्ये पोक आलं होतं. रंगरावांनी ते तळहाताने दाबून धरायला लावलं, तेव्हा तीन मैल कमी झाले. अजून दाबा म्हणत होते, पण भिंतीचा गिलावा पडायला लागला.

मग सगळी वरात विमानाच्या कॅप्टनकडे. तो दूर उत्तरेकडचा, मिशाळ माणूस, खाटेवर पालथा पडून आराम करत होता. "आधा घंटा," तो डोळे न उघडता म्हणाला. "हवा सामने से आयी तो थोड़ा ज़्यादा."

अक्काने ते बरोबर पकडलं. "म्हंजे ज्या दिवशी वारा आडवा, त्या दिवशी गाव लांब? पोरगी का वाऱ्यावर देऊ मी?"

यावर पंचांत बराच खल झाला आणि वारा मोजायचा नाही असं ठरलं. पेरणी-कापणीत वारा मोजणारी माणसं सोयरिकीत तो सोडून द्यायला कशी तयार झाली, हे मला आजतागायत कळलेलं नाही. कॅप्टनला मोताळ्याची फवारणी संपवून विमान बीबीला न्यायचंच होतं आणि पुढची जागा रिकामीच जाणार होती. त्याने अक्काला न्यायचं कबूल केलं, तेही रंगरावांच्या खर्चाने कोंबडीचं कालवण दोनदा जेवल्यावर.

अक्का तयार का झाली? मी तिला विचारलं. ती म्हणाली, "इमान पोचलं तं पोचलं. नाई पोचलं तं सुटली. पण माह्या हातानं मोजून पाह्यल्याशिवाय मी कोनाचं आयकत नाई." मला वाटतं, भाकर गारच होणार अशी तिची खात्री होती. सिंधूलाही तसंच वाटलं असावं, कारण त्या दोन दिवसांत तिच्या हातून भाजीत मीठ दोनदा पडलं.

आदल्या दिवशी कॅप्टनने अक्काचं वजन मागितलं. मोताळ्यात माणूस तोलायचा काटा नव्हता, म्हणून तिला कापसाच्या व्यापाऱ्याच्या मोठ्या काट्यावर उभं केलं. अक्का दीड मण भरली. व्यापाऱ्याने हातच्या सवयीने ओलाव्याची घट धरून दोन शेर कापले. "कोरडी हाये मी," अक्का म्हणाली, आणि पूर्ण दीड मण लिहून घेतल्याशिवाय काट्यावरून उतरली नाही.

विमानात जागा एकच. म्हणून मी आणि अक्काचे यजमान, भगवानराव दाजी, पहाटेच्या येष्टीने निघालो. विमान दुपार ढळल्यावर, वारा पडला की उडणार होतं. दाजी हा शांत माणूस. साऱ्या जन्मात ते 'बरं' हा एकच शब्द बोलले असं मी म्हणत नाही, पण बाकीचे शब्द मला आठवत नाहीत. अक्का मुक्कामाला मोताळ्यात आमच्याच घरी होती, तिने आमच्या चुलीवर थापून आम्हाला शिदोरीला दोन भाकरी दिल्या होत्या. माझी मी चिखलीच्या स्टँडवर मिरचीच्या ठेच्याबरोबर खाल्ली. दाजींच्या घशाखाली घास उतरेना. लेकीच्या लग्नाचा फैसला आकाशातून यायचा असेल तर कोणाच्या उतरेल? त्यांनी आपली भाकर मोताळ्याच्या पहिल्या गाडीपासूनच तशीच बांधून ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या झाकणावर ठेवली, कारण मांडीवर माझी पिशवी होती. गाडी बदलली की पुढच्या गाडीतही ते ड्रायव्हरला हात जोडायचे आणि भाकर इंजिनावर ठेवायचे. मी दोनदा म्हटलं, "दाजी, खाऊन घ्या." ते म्हणाले, "बरं," आणि खाल्ली नाही.

बीबीत उतरलो तर सारं गाव रंगरावांच्या वावरात. बाकड्यावर पंच बसलेले. रंगरावांच्या पत्नी सत्यभामाबाई पळसाच्या पानावर लोण्याचा गोळा घेऊन उभ्या होत्या, आणि ऊन लागून तो आधीच वितळेल म्हणून एक बाई त्यावर सूप धरून होती. नारायण धावपट्टीवरचे गोटे वेचत होता. सकाळपासून वेचत होता म्हणे. त्याच्याकडे पाहून मला वाईट वाटलं. पोराच्या हातात करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

विमान आलं ते आधी ऐकू आलं, मग दिसलं, मग एकदम आमच्या अंगावरच आलं. गाव बाकड्यासकट पळालं. धूळ बसली तेव्हा विमान बोरीच्या झुडपापाशी उभं होतं आणि अक्का पुढच्या जागेत ताठ बसली होती, डोक्यावरचा पदर मानेशी गाठ मारलेला, डोळे लाल, सारा चेहरा औषधाच्या भुकटीने पिवळट. दोघांनी धरून तिला उतरवलं. ती थेट बाकड्यापाशी गेली आणि फडकं सोडलं.

सत्यभामाबाईंनी भाकरीवर लोणी ठेवलं. सगळे वाकले. लोणी जसं ठेवलं तसं बसून राहिलं. एका पंचाने बोटाने भाकर दाबून पाहिली आणि बोट झटकलं. "बरफ हाये," तो म्हणाला. "हिरीतून काहाडल्यासारखी."

नारायणच्या ओंजळीतले गोटे खाली पडले. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. रंगराव मात्र कॅप्टनवर धावून गेले, की वाटेत कुठे थांबला होता का. "हवा में कहाँ रुकूँगा?" कॅप्टन म्हणाला. "पच्चीस मिनट में लाया हूँ. माँजी को बोला था, हाथ अंदर रखना."

त्याच वेळी दाजींना चक्कर आली. दिवसभर पोटात काही नव्हतं. ते मटकन खाली बसले, मी म्हटलं आता तरी खा, आणि त्यांच्या हातातलं गाठोडं हिसकून सोडलं. सोडलं आणि हात पोळला. पहाटेची भाकर, चार इंजिनांवर दिवसभर शेकलेली, पापुद्रा कडक होऊन फुटलेला. मला काय सुचलं कोण जाणे, मी पळसाच्या पानावरचं उरलेलं लोणी बोटभर उचलून तिच्यावर टाकलं. ते असं पळालं की दाजींच्या धोतरावर ओघळ आला.

"गोजरबाईच्याच हातची हाये," मी पंचांना सांगितलं. "त्याच घरची, मोताळ्याच्या चुलीवरची. लोणी विरघळलं. सोयरीक पक्की."

तुम्हाला वाटेल इथे पेढे वाटले गेले. छे. रंगराव उखडले. "हे परीक्षा इमानाची होती, येष्टीची नाई," ते म्हणाले. "बीबीले इमानतळ असून बीबी इमानानं लांब न् येष्टीनं जवय, असं जर पंचांनी ठरवलं, तं मी हे लगन होऊ देनार नाई." एक पंच म्हणाला, भाकर आईने आणायला पाहिजे, बापाने आणलेली चालत नाही. दुसरा म्हणाला, सकाळची भाकर संध्याकाळी ऊन असणं हे निसर्गाच्या विरुद्ध आहे, हिची चौकशी झाली पाहिजे. रंगरावांनी उद्या पुन्हा उडायचं सुचवलं, या वेळी भाकर थर्मासात घालून. भाकर थर्मासात मावत नाही, असं कोणी म्हणालं तर ते म्हणाले सुरळी करा. मी काय काय बोललो ते लिहीत नाही. मुलाचा बाप स्वतःच्या पोराचं लग्न एका विमानापायी मोडत होता, मुलीकडचा मी येष्टीची बाजू घेऊन भांडत होतो, आणि ज्या दोघांचं लग्न त्यांतला एक खाली बसून पुन्हा गोटे वेचत होता.

"आता बस झालं," अक्का म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण आम्ही थांबलो. "भाकर इमानानं गार नाई झाली. म्या भायेर काढली."

"काऊन काढली?" रंगरावांनी विचारलं. ते दुखावलेच होते.

"मोजाले." ती बाकड्यावर बसली. "इमान वर गेलं न् वयलं. खाली मोताळा होता. बाजूलेच रोहिणखेड दिसलं, मशिदीसकट. मले जनमभर वाटे, मह्या माहेरच्या न् सासरच्या मधात केवढी दुनिया हाये. म्या भाकर डोयासमोर धरली. दोनी गावं भाकरीखाली गेले. मंग मी तशीच धरून बसली, वारा लागून राह्यला तरी. मनात म्हणलं, येवढुशा वाटेत मले उशीर कसा झाला?"

"तो बैल," मी म्हणालो.

"बैल चांगला होता, किसना. तो कवाचा दारात उभा होता." ती माझ्याकडे बघत नव्हती. "निरोप आला तवा घरी निंदनाऱ्या बायांचं जेवन होतं. सासू म्हणे, पीठ भिजवलं हाये, येवढ्या भाकरी थापून जाय. म्या थापल्या. एक पाटी झाली तं दुसरी देल्ली. गाडी दारात जुपून, माय तिकडे वाट पाहून राह्यली, न् मी भाकरी थापून राह्यली. मले नाई म्हनता नाई आलं."

दाजींनी मान खाली घातली. ते त्या दिवशी घरात होते का, हे मी विचारलं नाही. त्यांच्या मानेकडे पाहून विचारायची गरज नव्हती. आणि मला इतक्या वर्षांनी रडू आलं, मायसाठी की अक्कासाठी ते सांगता येणार नाही. मी धूळ गेली म्हणून डोळे पुसले. धूळ होतीही भरपूर.

अक्काने लोण्याचं पान बाजूला सारलं. "इहीनबाई," ती सत्यभामाबाईंना म्हणाली, "तुमचं गाव लांब नाई. गाव कोनतंच लांब नसते. मले येक सांगा. मह्या घरून निरोप आला तं पोरीले कवा सोडसान?"

"लगेच सोडीन," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"पीठ भिजवलेलं असलं तं?"

सत्यभामाबाई आधी स्वतःच्या हातांकडे बघू लागल्या, आणि मला ते आवडलं. त्यांनाही कधीतरी कोणीतरी पाटीभर भाकरी थापायला लावलं असेल. मग म्हणाल्या, "पीठ मी थापीन. तिले उठवून गाडीत बसवीन. हा माहा शबूद."

"मंग पोरगी देल्ली," अक्का म्हणाली.

"न् इमानाचं काय?" रंगरावांनी विचारलं. विमानातून आलेली भाकर त्यांच्या कुत्र्यापुढे टाकली, तर औषधाच्या वासाने तेही चार पावलं मागे सरलं. दाजींनी आपली ऊन भाकर तिथेच बसून खाल्ली आणि झाल्यावर म्हणाले, "बरं."

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. पुढे विमानाने फवारायची टूम गेली. मोताळ्याच्या विमानतळावर लोकांनी ढोरं चारली, बीबीच्या विमानतळावर रंगरावांनी मोठ्या नाखुशीने ज्वारी पेरली. बाकडं मात्र वावराच्या मधोमध तसंच ठेवलं, भोवताली ज्वारी. संध्याकाळी ते एकटेच तिथे जाऊन बसायचे म्हणे, गाडीची वाट बघत बसल्यासारखे.

दोन-तीन वर्षांनी अक्का आमच्याकडे मोताळ्यात आली असताना आजारी पडली. ताप डोक्यात गेला होता, बडबडायला लागली होती. मी घाबरून रात्रीच बुलडाण्याला माणूस पाठवून बीबीला तार केली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताप उतरला. संध्याकाळी अक्का उठून बसून काढ्याला नावं ठेवत होती, आणि मी तार उगाच केली म्हणून स्वतःवर चिडत होतो, तेवढ्यात दारात सिंधू उभी.

हातात पिशवी नाही, अंगावर घरचंच लुगडं, पदराला चुलीची राख. आणि दोन्ही हातांना मनगटाच्या वरपर्यंत ज्वारीचं पीठ, वाळून भेगा पडलेलं. चार गाड्या बदलून, चार कंडक्टरांपुढे तेच हात करून ती आली होती. आईला बसलेली पाहून ती उंबऱ्यातच खाली बसली.

"हात तं धुवाचे होते वं," अक्का म्हणाली.

"आत्याबाईनं धुवू देल्ले नाई," सिंधू सासूबद्दल म्हणाली. "गाडी निंघून जाईन म्हने."

अक्काने तिला जवळ ओढलं, तिचे हात आपल्या मांडीवर घेतले आणि नखाने पिठाच्या खपल्या काढायला लागली. एकेक बोट धरून. पुष्पा तांब्याभर ऊन पाणी घेऊन आली आणि तशीच मागे फिरली.

मला तिथे उभं राहवेना. मी बाहेर आलो. समोर कोणाचातरी पांढरा बैल बांधलेला होता, म्हातारा, माशा वारत उभा. सवयीने शिवी ओठावर आली. ती गिळली आणि त्याच्यापुढे कडब्याची एक पेंढी टाकली.